आपल्या वॉर्डातली बेघर माणसं: चादरी वाटून झाल्या, आता पुढे?

सांजवात (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, परवाच्या पावसाने अखेर बसवलंच.

मी परळला राहते. स्टेशनकडून घरी येताना पुलाखाली नऊ-दहा कुटुंबं आणि काही एकटी माणसं राहतात. चौदा वर्षं मी रोज त्यांच्यासमोरून जाते-येते. ऑफिसातल्या आम्ही सहाजणी दर डिसेंबरात तिथे चादरी वाटायचो. मागच्या डिसेंबरात एका मावशींच्या हातात चादर दिली. त्यांनी ती नीट घडी घालून बोचक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, ही सहावी. तुमच्याकडे घट्ट झाकणाचा डबा असेल तर बघा ना."

डबा कशाला, असं विचारलं. त्यांनी उशाखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात दुसरी, दुसरीत तिसरी. आत आधार कार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्ड. रेशनकार्डाची पानं एकमेकांना चिकटून पापडासारखी झाली होती, नाव लागत नव्हतं. "दोन पावसाळे काढले त्याने. तिसऱ्यात गेलं," म्हणाल्या.

मी घरी येऊन डबा शोधला आणि रात्रभर तोच विचार. मुंबईत थंडी ती किती पडते! पण पाऊस चार महिने. चादरी सगळे डिसेंबरात आणतात, जूनमध्ये ताडपत्री घेऊन कोणी येत नाही. सहा चादरींच्या मागे सहा वेगळे गट होते आणि त्यातल्या एकालाही मावशींचं नाव माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

म्हणून जानेवारीत एक काम केलं. त्या पुलाखाली कोण कधी काय देतं, ते विचारून वहीत लिहिलं. रविवारी दुपारी तीन ठिकाणहून जेवण येतं, त्यातलं निम्मं वाया जातं. मंगळवारी आणि बुधवारी काहीच येत नाही. कॉलेजची मुलं शनिवारी लहानांना शिकवतात, त्याच वेळी एक गट मुलांना खाऊ वाटायला येतो आणि शिकवणं मोडतं. माणसं सगळी भली. एकमेकांना ओळखत नव्हती, इतकंच.

आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाची खोली वर्षातले दहा महिने बंद असते. अध्यक्षांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले. पहिल्या बैठकीला अकरा जण आले. ठरलं ते एवढंच: एक सामाईक वही, त्यात माणसांची नावं, त्यांना विचारून. प्रत्येकाने एका माणसाचं एक काम धरायचं आणि ते तडीस जाईपर्यंत सोडायचं नाही. आणि मंडळाच्या खोलीतलं एक गोदरेजचं कपाट कागद ठेवायला. प्रत्येकाचा वेगळा लिफाफा, एक किल्ली मंडळाकडे, एक पुलाखाली सगळ्यांनी मिळून निवडलेल्या काकांकडे.

सहा महिन्यांत काय झालं ते प्रामाणिकपणे सांगते. वहीत एकतीस नावं आहेत. चार जणांची रेशनकार्डं परत मिळाली. दोन कुटुंबं ठाण्यापुढच्या दिवा गावी भाड्याच्या खोलीत गेली. एक आजोबा गावी मुलीकडे परतले. एक तरुण मुलगा कुठे गेला कळत नाही, त्याचा लिफाफा कपाटात तसाच आहे. आणि एक काका मे महिन्यात गेले. त्यांचं नाव वहीत होतं म्हणून निदान गावी कळवता तरी आलं.

आता अडलोय. बायकांच्या शौचालयाचा प्रश्न सुटत नाही, बेघरांसाठीच्या निवाऱ्यात कोणी जायला तयार नाही, आणि भाड्याच्या खोल्यांच्या डिपॉझिटसाठी पैसे उभे करणं जड जातंय. इथे जाणकार बरेच आहेत. कृपया लिहा.

---

रानजाई

धागा वाचून डोळे भरून आले. मीही दरवर्षी चादरीच देते. कपाटाची कल्पना फार आवडली, आमच्या डोंबिवलीतल्या मंडळात मांडते. सविस्तर वाचतेय.

---

जुना_दादरकर

माझं मत थोडं वेगळं आहे, गैरसमज नसावा. फूटपाथ चालण्यासाठी असतो. माझ्या आईला शहाऐंशीव्या वर्षी रस्त्यावर उतरून चालावं लागलं, कारण फूटपाथवर चुली होत्या. गाडीचा धक्का लागून तिचं माकडहाड मोडलं. ती त्यातून उठली नाही. तिथे राहणाऱ्यांबद्दल मला राग नाही, पण त्यांना तिथेच सोयी करून दिल्या तर ती जागा कायमची तशीच राहणार असं वाटतं. निवारे आहेत ना? मग तिथे का जात नाहीत, हे मला खरंच समजून घ्यायचंय.

---

मीठभाकर

दादरकर, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. प्रश्न रास्त आहे. मी बेघरांसोबत बरीच वर्षं काम करतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २०१० साली सांगितलं की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, तोही बारा महिने आणि चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख. म्हणजे सव्वाशेच्या घरात निवारे हवेत. त्याच्या जवळपासही आपण नाही. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांची वेगळी योजना आली. तिच्या मार्गदर्शक सूचनांत दर लाखामागे निदान शंभर माणसांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, आणि बायका, कुटुंबं, वृद्ध, आजारी यांच्यासाठी वेगवेगळे निवारे असं सगळं लिहिलेलं आहे. कागद चांगला आहे.

आता माणसं का जात नाहीत ते. बहुतेक निवारे पुरुषांचे किंवा मुलांचे. नवरा-बायको-मुलं असं कुटुंब गेलं तर त्याची तीन ठिकाणी वाटणी. हातगाडी आत घेत नाहीत आणि हातगाडी बाहेर ठेवली तर सकाळी सापडत नाही. तिसरं कारण कामाच्या जागेचं. दादरच्या फुलबाजारात काम पहाटे चारला सुरू होतं. गजरे करणारी बाई मानखुर्दच्या निवाऱ्यातून पहाटे चारला दादरला कशी पोहोचणार? पहिली लोकलही तिला पुरत नाही. ती फूटपाथवर झोपते, कारण तिची रोजी तिथून दोनशे पावलांवर आहे.

सांजवात, म्हणून निवाऱ्याला माणसं न्यायच्या आधी, निवारा कामाच्या जवळ मागा. वॉर्ड ऑफिसात पत्र देताना "निवारा हवा" असं मोघम लिहू नका. या पुलाखाली इतकी कुटुंबं, इतक्या एकट्या बायका, त्यांची कामं अमुक बाजारात, म्हणून या परिसरात कुटुंब निवारा हवा, असं लिहा. तुमच्याकडे वही आहे. ती फार मोठी गोष्ट आहे, बहुतेकांकडे ती नसते.

एक विनंती. वहीचे फोटो ग्रुपवर टाकू नका, माणसांचेही नकोत. काही बायका घरातल्या मारहाणीतून पळून आलेल्या असतात. त्यांचा ठावठिकाणा बाहेर जाणं जिवावर बेतू शकतं.

---

सांजवात

मीठभाकर, मनापासून आभार. फोटोंचं लक्षात आलंच नव्हतं. आज सगळ्यांना कळवते आणि ग्रुपवरचे जुने काढून टाकायला सांगते.

दादरकर काका, तुमची आई आमच्याही आईसारखीच. आम्हाला ती माणसं फूटपाथवर कायम राहायला नकोच आहेत. त्यांनाही तिथे राहायचं नाहीये. दिव्याला गेलेल्या वहिनींनी पहिल्या रात्री दाराला आतून कडी लावली, उघडली, परत लावली. मुलगी म्हणाली, "आई, किती वेळा?" मी तिथेच होते.

---

नोंदवही

मी पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. २०११ च्या जनगणनेत प्रगणक होतो. २८ फेब्रुवारीची रात्र बेघरांच्या मोजणीसाठी राखलेली होती, हे फार जणांना ठाऊक नसतं. ज्यांना घर नाही त्यांना ते झोपतात तिथे, त्या एका रात्रीत गाठायचं.

मी आणि एक सहकारी बाई, हातात बॅटरी, गळ्यात ओळखपत्र. भायखळ्याच्या बाजूला होतो. पहिल्याच माणसाला उठवलं तर तो बोचकं उचलून पळत सुटला. आम्ही त्याला हटवायला आलोय असं त्याला वाटलं. मागून ओरडलो, "अहो, मोजायला आलोय!" पण तो थांबला नाही. तो माणूस माझ्या तक्त्यात नाही. असे किती सुटले असतील याचा मी आजही विचार करतो. गोदामाच्या आडोशाला, टेम्पोखाली, बंद दुकानाच्या फळीवर, लग्नाच्या हॉलमागे, आणि त्या रात्री कामावर गेलेले रखवालदार तर वेगळेच.

त्या मोजणीत देशभरात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर नोंदले गेले, मुंबईत ५७ हजारांच्या आसपास. क्षेत्रात काम करणारे सगळे म्हणतात की खरा आकडा मोठा आहे. मी तर डोळ्यांनी पाहिलंय.

आता पुढची जनगणना २०२७ ला आहे, १ मार्च ही संदर्भ-तारीख. सांजवात, तुमच्या वहीचा इथे उपयोग आहे. आपल्या भागात रात्री कोण कुठे झोपतं याचा साधा हाताने काढलेला नकाशा आत्तापासून करा आणि प्रगणकाला द्या. पुलाखालच्या लोकांना आठवडाभर आधी सांगा की अमुक रात्री बॅटरी घेऊन माणसं येतील, ती हटवायला येणार नाहीत, पळू नका. माझ्या वेळी एवढं कोणी केलं असतं तर तो माणूस थांबला असता. नकाशासाठी मी यायला तयार आहे. गुडघे कुरकुरतात, पण रात्रीचं चालणं जमतं.

---

पांढरा_चाफा

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी परिचारिका आहे. परळ म्हटलं की मला वेगळेच बेघर आठवतात. टाटा रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक येतात. केमोच्या दोन फेऱ्यांत तीन आठवड्यांचं अंतर, गावी जाऊन परत यायला भाडं नाही, मग घरदार असलेली माणसं इथे येऊन फूटपाथवरची होतात. कुणाच्या नाकात नळी, डोक्यावर फडकं, आणि बाजूला स्टोव्हवर पेज शिजतेय. यांना घर द्यायचं नाहीये, दोन-तीन महिन्यांचा आसरा द्यायचाय.

दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा हेच काम कित्येक वर्षं करतेय. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या, रुग्णांच्या नातेवाइकांचाही विचार केला. त्यांच्या दहा कलमांत "बेघरांना आसरा" हे एक कलम आहे, भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्याच रांगेत. स्वतः आयुष्यभर कुठल्याही धर्मशाळेत खोली न ठेवता, खराटा आणि गाडगं घेऊन फिरणाऱ्या माणसाने हे बांधलं.

माझी सूचना: वहीत एक रकाना वाढवा, "आसरा किती दिवसांसाठी हवा". रुग्ण, नोकरीच्या शोधात आलेला मुलगा आणि वीस वर्षं तिथेच राहणारं कुटुंब, तिघांच्या गरजा निराळ्या. ज्यांच्या घरात एक खोली रिकामी आहे असे परळ-शिवडीतले काही वयस्क लोक रुग्णाला महिनाभर ठेवायला तयार होतात. मी अशी तीन घरं जोडून दिली आहेत. ओळख कोणीतरी करून द्यावी लागते, बस.

---

कृष्णाकाठ

इथे कधी लिहीत नाही, नुसता वाचतो. आज लिहितो.

मी स्वतः अकरा महिने रस्त्यावर काढलेत. सांगलीकडून आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. केटरिंगमध्ये वाढप्याचं काम. लग्नसराईत रोज काम, आणि हॉलमध्येच झोपायला मिळायचं. सराई संपली की कामही गेलं आणि झोपायची जागाही. मग स्टेशनबाहेर.

रस्त्यावर सगळ्यात आधी झोप जाते. चप्पल उशाखाली, मोबाइल चड्डीच्या खिशात, आणि एक डोळा उघडा. रात्री दोनला कोणी काठी आपटून उठवतं, चारला पाण्याचा टँकर फूटपाथ धुतो. आठवडा झाला की माणूस भर दिवसा उभ्याउभ्या पेंगतो, मुकादम म्हणतो दारू प्यायलास का, आणि उद्यापासून येऊ नको. मी तोवर दारूच्या थेंबाला शिवलो नव्हतो. पुढे शिवलो, तेही सांगतो. झोप लागायची म्हणून.

बाहेर कसा पडलो? एका लाँड्रीवाल्या मामांनी. त्यांनी पैसे दिले नाहीत, जेवणही नाही. दुकानात एक खुंटी दिली. म्हणाले, तुझा एक शर्ट-पँट इथे इस्त्री करून लटकलेला राहील, कामाला जाताना घाल, येताना आणून दे. आणि दुकानाचा पत्ता वापर. त्या पत्त्यावर मला बँकेचं पासबुक आलं. स्वच्छ शर्टामुळे हॉटेलात कायमचं काम मिळालं, हॉटेलने वर झोपायला जागा दिली. आज नवी मुंबईत माझा स्वतःचा छोटा केटरिंगचा धंदा आहे, सोळा पोरं कामाला आहेत. सराई संपली तरी त्यांची झोपायची जागा जात नाही, हा मी पहिल्या दिवसापासून पाळलेला नियम.

सांजवात ताई, डिपॉझिटचं लिहिलंत. पुढच्या दोन कुटुंबांचं डिपॉझिट मी देतो. दान नको म्हणाले तर बिनव्याजी, जमेल तसं परत. आणि कामाला कोणी तयार असेल तर पाठवा, बायकासुद्धा. चपात्या लाटणाऱ्या मला नेहमी लागतात.

---

रानजाई

दादा, काय लिहू. खुंटी.

---

भायखळा_ई_वॉर्ड

कृष्णाकाठ दादांना नमस्कार.

या विषयात मुंबईने जगाला काहीतरी दाखवलंय, ते इथे यायला हवं. १९८५ साली फूटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. रोजी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालयाने मान्य केलं, पण रीतसर प्रक्रिया करून हटवता येईल असंही म्हटलं. आमच्या भायखळ्यात तेव्हा प्रचंड धास्ती होती. माझी आई शिवणक्लास घ्यायची, फूटपाथवरच्या बायका तिच्याकडे यायच्या, म्हणून मला लहानपणीचं थोडं आठवतं.

त्याच वर्षी 'स्पार्क' या संस्थेने फूटपाथवरच्या हजारो कुटुंबांची पाहणी केली. ती माणसं कुठून आली, काय काम करतात, किती वर्षं तिथे आहेत, हे पहिल्यांदा कागदावर आलं. पुढे बायकांच्या बचतगटांतून 'महिला मिलन' उभं राहिलं आणि जोकिन अर्पुतम यांची झोपडपट्टीवासीयांची संघटना सोबत आली. अर्पुतम यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी.

बायका रोज बचत करायच्या. रोज एक रुपया, दोन रुपये, जमेल ते. गोळा करणारी बाई रोज दारात (दार नव्हतंच, तरी) यायची, म्हणून कोण आजारी आहे, कोणाच्या नवऱ्याने मारलंय, कोणाचं काम सुटलंय, हे रोज कळायचं. पैसे जमणं त्या मानाने दुय्यम होतं. मग घर मिळालं तर कसं हवं, हे ठरवायला त्यांनी साड्या आणि बांबू लावून खऱ्या मापाची घरं उभी करून पाहिली. चौदा फूट उंची, म्हणजे वर माळा काढता येईल, हा त्यांचाच आग्रह. मानखुर्दला मिलन नगर उभं राहिलं ते अशा बायकांच्या हिशोबाने.

सांजवात, तुमच्या वहीत एकतीस नावं आहेत आणि ती तुम्ही लिहिलेली आहेत. पुढची वही त्यांच्यातल्याच एखाद्या बाईला लिहू द्या. मावशींना विचारून तर बघा.

---

ह्यूस्टनकर

मी बावीस वर्षं ह्यूस्टनला आहे, मूळचा गिरगावचा. इथला अनुभव लिहितो, तुलना म्हणून नाही, कामाला येईल ते घ्यावं.

२०११ च्या सुमारास हे शहर अमेरिकेत बेघरांच्या संख्येत वरच्या क्रमांकांत होतं. संस्था भरपूर, पैसाही होता, आणि सांजवात यांनी लिहिलंय तशीच अवस्था: प्रत्येकाची आपली यादी, आपला नियम. तेव्हाच्या महापौर ॲनीस पार्कर यांनी सगळ्यांना एका टेबलावर आणलं. आज शंभराहून अधिक संस्था एकच नोंदप्रणाली वापरतात. माणूस कुठल्याही दारात गेला तरी तेच प्रश्न, तीच यादी, आणि ज्याची अवस्था सगळ्यात बिकट त्याचा नंबर आधी. आधी घराची किल्ली, मग नोकरी, व्यसनमुक्ती, औषधं. २०१२ पासूनच्या दहा वर्षांत २५ हजारांहून जास्त माणसं घरात गेली आणि रस्त्यावरची संख्या ६० टक्क्यांहून जास्त उतरली.

मी दर जानेवारीतल्या मोजणीला स्वयंसेवक म्हणून जातो. नोंदवही काका, तुमच्या बॅटरीचं वाचून अंगावर काटा आला. इथेही आम्ही पूल, पार्किंग, नाले पालथे घालतो.

फरकही सांगतो. इथे मोकळी जागा मुबलक आणि भाडी त्या मानाने कमी, शिवाय केंद्र सरकारचा पैसा भाड्याला मिळतो. मुंबईत यातलं काहीच नाही. पण एक यादी करायला जागा लागत नाही. तुमचा वॉर्ड ठरवेल तर एक वॉर्ड, एक वही हे उद्या होऊ शकतं. इथले आम्ही काही मराठी मित्र डिपॉझिटसाठी वर्षाला ठरावीक रक्कम पाठवू, रीतसर नोंदणीकृत संस्थेमार्फत. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

---

कातरवेळ

एक महत्त्वाची बाजू राहिली. आमच्या कोपऱ्यावर एक गृहस्थ तीन वर्षं बसायचे, जटा, अंगावर पाच शर्ट, स्वतःशी बोलणं. लोक त्यांना वडापाव द्यायचे आणि पुढे जायचे, मीही त्यातलीच. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, त्याच्या कलम १०० मध्ये सरळ लिहिलंय की रस्त्यावर भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणात घेणं ही पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे. चोवीस तासांच्या आत त्याला सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीला न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. मला हे माहीतच नव्हतं. कलमाची छापील प्रत घेऊन मी आणि शेजारचे केमिस्ट ठाण्यात गेलो. ड्यूटीवरच्या ताईंनी वाचलं आणि गाडी दिली.

औषधं सुरू झाल्यावर सातव्या आठवड्यात त्यांनी स्वतःचं गाव सांगितलं. बिहारमधलं. घरच्यांनी श्राद्ध घातलं होतं.

कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था, डॉ. भरत वाटवानी यांची, हेच काम १९८८ पासून करतेय. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोहोचवायचं. त्यांना २०१८ चा मॅगसेसे मिळाला. तुमच्या एकतीस नावांत असं कोणी असेल तर त्याला कुठल्याही यादीत मागे ठेवू नका.

---

जुना_दादरकर

सगळं वाचलं. फुलबाजारातल्या बाईंचं आणि कृष्णाकाठ यांच्या झोपेचं मनात राहिलं. माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही, फूटपाथ मोकळा हवाच. पण तो मोकळा करायचा रस्ता मी समजत होतो तो नाही, हे पटलं.

मी चाळीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होतो. अर्ज, प्रतिज्ञापत्र, दुबार शिधापत्रिका, वारस नोंद, हे सगळं मला झोपेतही येतं. आठवड्यातून दोन दुपारी मंडळाच्या खोलीत टेबल टाकून बसतो. चालेल का?

---

सांजवात

काका, चालेल का काय! मंगळवार आणि बुधवार बसा, त्याच दिवशी आमच्याकडे कोणी नसतं.

गेल्या तीन आठवड्यांत काय झालं ते लिहिते.

मतदार नोंदणी: कोणीतरी मला सांगितलं होतं की पत्ता नाही तर मतदान नाही. तसं नाहीये. बेघर माणूस मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भरताना जिथे झोपतो ती जागा लिहू शकतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, रात्री त्या जागी येऊन खात्री करतात, एकाहून जास्त रात्री. आमच्याकडे आलेल्या बीएलओ ताई शाळेत शिकवतात. रात्री साडेअकराला छत्री घेऊन आल्या, पाऊस रपरप पडत होता. मावशी उठून बसल्या आणि त्यांनी आधी पदर डोक्यावरून घेतला, मग ताईंना बसायला ती सहावी चादर अंथरली. ताईंनी विचारलं, "इथेच झोपता ना?" मावशी म्हणाल्या, "बारा वर्षं. हा माझा खांब." ताईंनी फॉर्मवर पुलाचं नाव लिहिलं आणि खांबाचा नंबरही लिहून घेतला. दोन दिवसांनी परत आल्या, मावशी त्याच खांबाशी. आतापर्यंत पाच जणांचे फॉर्म गेलेत.

शौचालय: सार्वजनिक शौचालय पैसे भरून वापरायचं आणि रात्री अकराला बंद होतं. म्हणून बायका संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नाहीत. हे मला चौदा वर्षांत कळलं नव्हतं, वहीतल्या एका बाईला मूत्रमार्गाचा त्रास होऊन तिसऱ्यांदा दवाखान्यात नेल्यावर कळलं. चालवणाऱ्या भाऊंशी आमच्यातल्या दोघी बोलल्या. वहीतल्या बायकांसाठी महिन्याचे पैसे आम्ही एकत्र भरतो, आणि रात्रीची एक किल्ली मावशींकडे. भाऊंची अट एकच, सकाळी धुतलेलं हवं. मावशींनी बायकांच्या पाळ्या लावल्यात.

आणि भायखळा ताई, तुमचं ऐकलं. नवी वही मावशींना दिली. लिहिता येत नाही म्हणाल्या. मग पुलाखालची सातवीतली मुलगी लिहिते, मावशी सांगतात. रोज पाच रुपये बचत सुरू झालीय, सतरा जणी आहेत. मुलीने पहिल्या पानावर सगळ्यांची नावं लिहिली आणि दुसऱ्या पानावर "आज कोण दिसलं नाही" असा रकाना आखला. तो आम्ही कोणी सुचवला नव्हता.

त्या रकान्यात काल एक नाव होतं, गजरेवाल्या आजी. मुलीने सांगितलं म्हणून शोधलं. बाजाराच्या मागच्या बाजूला तापाने पडून होत्या. पांढरा_चाफा ताईंना फोन केला, त्या आल्या. आता बऱ्या आहेत.

---

नोंदवही

त्या मुलीला माझ्याकडून एक चांगली शाईपेन आणि पक्क्या बांधणीची दोनशे पानी वही. नकाशासाठी कुठे भेटायचं?

---

सांजवात

शनिवारी रात्री साडेदहा, मंडळाच्या खोलीपाशी. मीठभाकर आणि कातरवेळ येतायत, कॉलेजची चार मुलं आहेत. काका, पाऊस आहे, गमबूट घालून या. ज्यांना ताडपत्री आणायची आहे त्यांनी निळी जाड आणा, बारा बाय अठरा. चादरी नकोत.

---

जुना_दादरकर

दोन ताडपत्र्या माझ्याकडून, आईच्या नावाने. शिवाय स्टेपलर, कार्बन पेपर आणि स्टॅम्प पॅड घेऊन मंगळवारी दोनला येतो. ते चिकटलेलं रेशनकार्ड फेकू नका, नंबराचा एखादा आकडा तरी वाचता येईल.